आबांची शाब्बासकी

आमच्या घरी कुणी पास झालं, कुणाला नोकरी लागली, की ज्वारी येते. पेढे नाहीत, हार नाही, पाठीवर थाप तर नाहीच. माझे सासरे काही न बोलता चप्पल घालतात, हैदराबादेतल्या आमच्या बरकतपुऱ्याहून काचीगुड्यापर्यंत चालत जातात आणि ऑटोत ज्वारीचं पोतं घालून परत येतात. मी बँकेत लागले तेव्हा एक पोतं आलं. संघपालला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, बढती मिळाली तेव्हा दोन आली. तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांच्या घरात, जिथं पोरगी भाताशिवाय जेवत नाही, तिथं एवढी ज्वारी ठेवायची कुठं आणि तिच्यातले किडे वेचायचे कुणी, हे विचारायची सोय नव्हती. वेचायचे मीच.

बोलायचं मात्र कुणी काही नाही. आमचं माहेर याच्या अगदी उलट. मूळचे आम्ही उदगीरकडचे शेतकरी, आजोबांकडे गावची पाटीलकी. माझ्या वडिलांनी, हणमंतरावांनी, काचीगुड्याला बी-बियाणांचं दुकान टाकलं आणि हैदराबादी झाले. पण पाटलाचा गळा काही गेला नाही. मी दूध उतू न जाऊ देता तापवलं तरी माझ्या पाठीवर त्यांचा हात दणकन बसायचा आणि जिन्यापर्यंत ऐकू जाईल असं 'शाब्बास' यायचं. दुकानातल्या नोकराला शाब्बास, शेजारच्या मुलाला शाब्बास, ऑटोवाल्यानं खड्डा चुकवला तर त्यालाही शाब्बास. त्यावर मी वाढले. माणूस शाब्बासकीशिवाय जगतो हे मला लग्न होईपर्यंत माहीत नव्हतं.

संघपाल आणि मी एकाच कॉलेजात होतो. ते बौद्ध, आम्ही मराठे. लग्न ठरवल्यावर आमच्या घरी काय झालं ते कुणीही सांगू शकेल, म्हणून मी सांगत नाही. सासरी आले ती जिद्दीनं. सासऱ्यांना, म्हणजे संघपालच्या आबांना, मामा म्हणायला लागले, सासूबाईंच्या हातच्या भाकरीसारखी भाकरी करायला शिकले, नोकरी सांभाळली, घर सांभाळलं आणि शाब्बासकीची वाट बघत राहिले. पंचवीसेक वर्षं वाट बघत राहिले, असं म्हणते तेव्हा संघपाल हसतो. त्याला हसायला काय जातं.

वाट बघण्यापेक्षा गोंधळ मोठा होता. आमची रोशनी लहान असताना तिनं पहिल्यांदा स्वतःच्या हातानं घास खाल्ला, तेव्हा मी टाळ्या वाजवून म्हटलं, "शाब्बास गं माझी बाय." मामा समोर बसून पेपर वाचत होते. त्यांनी पेपराची घडी केली आणि उठून गॅलरीत गेले. मला वाटलं, गरम होत असेल. पुढं रोशनी चालायला लागली, अक्षर काढायला लागली, सायकल शिकली. दर वेळी मी तो शब्द उच्चारला आणि दर वेळी मामा उठले. संघपालला विचारलं, तर म्हणाला, "हौ, आबा तसेच आहेत. तू लोड नक्को घेऊ." मी मनात बरंच काही ठरवलं. एकदा वाटलं, पोरीला दृष्ट लागेल अशी भीती असेल. मग वाटलं, माझा आवाजच त्यांना खपत नसेल. शेवटी मी असं धरून चालले की मी पाटलाची लेक आहे हे ते विसरलेले नाहीत, आणि मला ते फार लागलं. मग मी त्यांच्यासमोर तो शब्द म्हणायचा बंद केला.

आता रोशनी मोठी झाली. दिलसुखनगरला कोचिंग क्लासच्या वरच्या मजल्यावर एक कंपनी आहे, तिथं कामाला लागली. ही कंपनी मुलांसाठी मोबाइलवरचं अभ्यासाचं अॅप बनवते. मुलानं उत्तर बरोबर दिलं की अॅपमधून कुणीतरी त्याला उत्तेजन देतं. ते कोणत्या शब्दात द्यायचं हे शोधणं आणि त्यासाठी आवाज गोळा करणं हे रोशनीचं काम. याचा पगार मिळतो हे कळल्यावर मी बराच वेळ तिच्याकडे बघत राहिले.

नोकरी पक्की झालेली नव्हती. मराठीचा संच महिनाअखेरीपर्यंत तयार करून दिला तर कायम करणार, नाहीतर राम राम. तिचा साहेब सुधीर नावाचा मुलगा. आडनावानं मराठी, वाढलेला हैदराबादेत, मराठी शब्द इंग्रजी अक्षरांत लिहून वाचणारा, आणि कंपनीत मराठीचा प्रमुख. आधी त्यांनी पुण्याच्या कुणा नटाकडून आवाज घेतले होते. सुधीरला ते पसंत पडले नाहीत. तो म्हणाला, हा बातम्या देतोय असं वाटतं. मला आपल्या मुलखातला खराखुरा आजोबा पाहिजे. रोशनीनं ताबडतोब आपल्या आबांचं नाव सांगितलं. मामा आधी रेल्वेत होते, काचीगुड्याच्या पार्सल ऑफिसात. गाडीच्या आवाजावर आवाज चढवून त्यांचा गळा असा झालाय की कुजबुजले तरी शेजारी ऐकू जातं.

मामांनी नातीसाठी लगेच मान डोलावली. रविवारी दुपारी घरात सराव सुरू झाला. रोशनी फोन हातात धरून सोफ्यावर, मामा समोर ताठ बसलेले, संघपाल लुंगीवर, सासूबाई विठाबाई स्वयंपाकघरात मेथी निवडत.

"आबा, पहिला. 'भले बहाद्दर'."

मामांनी असं काही 'भले बहाद्दर' म्हटलं की खालच्या मजल्यावरचं कुत्रं भुंकलं. रोशनी खूश झाली. 'वा रे पठ्ठ्या' झालं, 'झकास' झालं, 'लई भारी' झालं. 'एक नंबर' म्हणताना मामांनी आपणहून बोट वर केलं. 'नाद खुळा' त्यांना पटलं नाही.

"खुळा कामून म्हनायचं लेकराला? आत्ता तर त्याचं गनित बरोबर आलं."

"आबा, तसंच म्हणतात. कोल्हापूरकडचं आहे."

"मग कोल्हापूरच्या मान्साला इचार."

तरी म्हणाले. मग रोशनीनं हैदराबादचे शब्द काढले. इथल्या पोरांच्या तोंडात हेच असतात, म्हणाली, मराठी घरातल्यासुद्धा. तेलुगू पोरं 'केका' म्हणतात. केका म्हणजे आरोळी, पण आता भारी कामगिरीला म्हणतात. मामांना तो शब्द फारच आवडला. त्यांनी तो दोनतीनदा मोठ्यानं ओरडून बघितला.

आतून सासूबाईंनी विचारलं, "कोन गेलं?"

"कुनी नाही गेलं. मी रोशनीचं काम करायलोय."

रोशनीनं या शब्दांचा इतिहास शोधला होता. तो ऐकून आमचा जास्तच घोळ झाला. तिनं सांगितलं की शाब्बास मुळात फारसी, 'शाद बाश', म्हणजे आनंदात राहा. हुर्रे इंग्रजी. नाटकातलं वन्स मोअर इंग्रजी. बहाद्दरही बाहेरूनच आलेला.

संघपाल विचारात पडला. "मग त्याच्या आधी मराठी माणूस एकमेकाला काय म्हणत होता?"

"काय म्हननार," मामा म्हणाले. "कामं करत असंल."

मी म्हटलं, 'भले' तरी आपलं असेल. रोशनी म्हणाली, तपासावं लागेल. म्हणजे इतकी शतकं लोक पळत होते, ओझी उचलत होते, कुस्त्या खेळत होते, आणि बघणारे कुठल्या भाषेत ओरडत होते ते कुणाला नक्की माहीत नाही. आणि माझी पोरगी त्याच्यावर पगार घेते. मी चहा ठेवायला उठले.

मी चहा घेऊन आले. रोशनी फोन धरून वाट बघत होती आणि मामा खिडकीकडे बघत होते.

"आबा, 'शाब्बास'. एवढं एकच राहिलंय."

"फुडचं सांग."

"पुढचं काही नाही. हे शेवटचं. आणि हेच मेन आहे."

"त्ये नाही म्हनत मी."

"आबा, एकदाच."

मामा उठले आणि गॅलरीत जाऊन उभे राहिले. रोशनीनं माझ्याकडे बघितलं, मी संघपालकडे, संघपालनं चहाकडे.

पुढचे चार दिवस रोशनीनं सगळे प्रयत्न केले. सुधीरला म्हणाली, शाब्बासच्या जागी 'भले बहाद्दर' वापरू. तो म्हणाला, नाही. प्रत्येक धडा संपला की शाब्बास वाजणार, जाहिरातीत शाब्बास वाजणार, आणि बाकीचे शब्द ज्या आवाजात आहेत त्याच आवाजात पाहिजे. दुसरा म्हातारा आणायचा तर पुन्हा सगळं पहिल्यापासून, आणि तेवढा वेळ उरलेला नाही. गुरुवारी ती घरी आली, पर्स फेकली आणि रडायला लागली. "मम्मी, एका शब्दासाठी माझा जॉब चाललाय. आणि आबा कारण पण सांगत नाहीत. मी आता तिथं काय सांगू?"

माझं डोकं फिरलं. मी सरळ गॅलरीत गेले. मामा खुर्चीवर बसून खालची रहदारी बघत होते.

"मामा, तुम्हाला मी आवडत नाही हे मला माहीत आहे," मी म्हटलं. "माझ्या तोंडून आलेला शब्द तुम्हाला चालत नाही, तेही माहीत आहे. पण आता पोरीच्या पोटावर पाय येतोय. एक शब्द आहे. तो उचलायला काय हमाल लागतात का?"

मामांनी माझ्याकडे बघितलं. त्यांना राग आला असता तर मला बरं वाटलं असतं. त्यांच्या चेहऱ्यावर नुसतं आश्चर्य होतं, मी भलत्याच घरात शिरून भलत्याच माणसाशी भांडत असल्यासारखं. मग ते पुन्हा रस्त्याकडे बघायला लागले.

सासूबाईंनी आतून हाक मारली. मी गेले. त्यांनी मला पाटावर बसवलं, मेथीची अर्धी जुडी माझ्यापुढं टाकली.

"त्येला तुझा राग नाही," त्या म्हणाल्या. "तुला कुनी सांगितलंच नाही का? संघपालला बी ठाव नसंल. म्या बी लग्नानंतर लई दिसानं ऐकलं."

आणि मेथी निवडता निवडता त्यांनी सांगितलं. मामांचे वडील देगलूरकडच्या एका गावात राहत. गावकीची कामं त्यांच्याकडे. कुणी मेलं की शेजारच्या गावांना पळत जाऊन सांगावा द्यायचा, पाटलाच्या घरी लग्न असलं की लाकडं फोडायची, मांडवाची ओझी वाहायची. त्याचं धान्य सुगीला मिळायचं, असा रिवाज. पण दोन वर्षं पाऊस पडला नाही आणि पाटलानं धान्य बंद केलं. काम बंद केलं नाही. संध्याकाळी ओसरीवर यायचा आणि लांबूनच म्हणायचा, शाब्बास रे. पाठीवर हात ठेवायचा प्रश्न नव्हता, शिवत नव्हते ना.

"मग आबाचा बाप घरी यायचा तवा लेकरं इचारायची, काय आनलं," सासूबाई म्हणाल्या. "त्यो म्हनायचा, शाब्बास आनलीय. तसंच पडलं मग घरात. आज काय हाय? शाब्बास हाय, लवकर निजा. आबाची एक धाकली बहीन व्हती. ती इचारायची, शाब्बास गोड लागती का तिखट. तिला वाटायचं, मोठी मानसं एकलीच खातेत अन् आपल्याला देत नाहीत."

"मग?"

"मग काय. त्याच साली ती ऱ्हायली नाही."

त्यांनी निवडलेली मेथी चाळणीत भरली आणि नळ सोडला.  ज्वारीची पोती का येतात ते आत्ता कुठं माझ्या ध्यानात आलं. एवढी वर्षं मी त्यांतले किडे वेचत होते आणि मनातल्या मनात म्हाताऱ्याला नावं ठेवत होते.

आणि मग आणखी एक गोष्ट आठवली. माझे वडील लग्नानंतर दोन वर्षं आमच्या दारात आले नव्हते. रोशनी झाली तेव्हा आले. मामांनी त्यांना बसवलं, जेवायला वाढायला लावलं. बाबांनी पाहुण्यांसमोर मामांच्या पाठीवर हात मारला आणि आपल्या नेहमीच्या आवाजात म्हणाले, "शाब्बास श्रीपतराव, पोराला शिकवून पार साहेब केलंत." मला त्या वेळी इतकं भरून आलं होतं. आमच्या घराण्यातल्या माणसानं या घराण्यातल्या माणसाच्या पाठीवर हात ठेवला, एका पंगतीला बसला. बाबांनी त्यासाठी स्वतःशी किती भांडण केलं असेल ते मला ठाऊक होतं. मामा त्या दिवशी अर्ध्या ताटावरून उठले. पोट बरं नाही म्हणाले. मी ते खरं धरलं होतं.

बाबा आता नाहीत. असते तरी त्यांना काय सांगितलं असतं? ते देगलूरचे पाटील नव्हते. त्यांनी कुणाचं धान्य अडवल्याचं मी ऐकलेलं नाही. पण ऐकलेलं नाही म्हणजे नव्हतंच का, तेही कळेना. ज्या शब्दावर मी वाढले तो दुसऱ्याच्या घरात उपासाचं नाव होता. माझ्या बाबांचं प्रेम खोटं होतं असं मला म्हणवेना आणि मामांचं उठून जाणं चुकीचं होतं असंही म्हणवेना. मी त्या रात्री रोशनीला एवढंच सांगितलं, आबांना पुन्हा विचारू नकोस. नोकरी गेली तर जाऊ दे. सगळं तिला सासूबाईंनी सांगितलं असावं, कारण तिनं वाद घातला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामा इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून दारात उभे.

"चला," म्हणाले. "दिलसुखनगरला जायचं ना."

कुणी विचारलं नव्हतं. कुणी काही बोललं नव्हतं. रोशनी गडबडली, मी बँकेत फोन करून रजा टाकली. "तू बी ये," असं त्यांनी मला चपला घालता घालता सांगितलं. का ते सांगितलं नाही. ऑटोनं तिघं निघालो.

कंपनीतली आवाजाची खोली लहानशी, भिंतींना काळा फोम लावलेला. काचेपलीकडे सुधीर, यंत्रं आणि आम्ही दोघी. मामांच्या कानावर हेडफोन बसवले. त्यांनी 'भले बहाद्दर'पासून सुरुवात केली आणि एकेक शब्द फटाफट दिला. सुधीर काचेआड माना डोलवत होता. प्रत्येक शब्दाला तो पाचापैकी गुण देत होता, त्याला तिथं एनर्जी म्हणतात. मामांना पाचातले पाच मिळत होते. 'केका'ला तर सुधीरनं खुर्चीतून उठून टाळ्या वाजवल्या.

"अंकल, सुपर. आता लास्ट. शाब्बास."

मामांनी हेडफोन काढून हातात घेतले.

"कुनाला म्हनू?"

"माइकला म्हणा ना अंकल."

"माइकनं काय केलंय?"

 सुधीरनं रोशनीकडे बघितलं. मामा म्हणाले, "समोर मानूस पायजे. नुसतं हवेत नाही म्हनता यायचं."

रोशनी लगेच आत गेली आणि त्यांच्यासमोर उभी राहिली. मामांनी मान हलवली. "तू नको. तू आमच्या घरची." आणि काचेतून माझ्याकडे बोट केलं. "तिला बोलाव."

तू आमच्या घरची. तिला बोलाव. मी ते स्पष्ट ऐकलं, सुधीरच्या टेबलावरच्या स्पीकरमधून. एवढी वर्षं राबून मी 'तिला' होते. मी आत गेले. रोशनी बाहेर आली. दार बंद झालं आणि बाहेरचा सगळा आवाज तुटला.

मामा उभे राहिले. मीही उभी. आम्ही दोघं इतक्या जवळ कधी समोरासमोर उभे राहिलो नव्हतो. त्यांच्या दाढीतला पांढरा खुंट दिसत होता, शर्टाची वरची गुंडी लावलेली होती. ते माझ्याकडे बघत होते आणि मी कुठं बघावं ते मला समजत नव्हतं.  सुधीरनं काही विचारलं असेल तर आम्हाला ऐकू आलं नाही.

"शाब्बास," मामा म्हणाले.

मोठ्यानं नाही. बाबा म्हणायचे तसं मुळीच नाही. एकेक अक्षर सावकाश, खालच्या आवाजात, जसं काही हातातलं भांडं काठोकाठ भरलेलं आहे. हात त्यांनी उचलला नाही. दोन्ही हात अंगालगत सरळ होते.

मी पंचवीस वर्षं थांबले होते त्यासाठी. आलं तेव्हा मला ते नको झालं. मला वाटलं ते परत त्यांच्या तोंडात घालावं, आदल्या दिवशी मेथी निवडायला बसलेच नव्हते असं व्हावं. मी म्हटलं, "मामा, नका." पण ते म्हणून झालं होतं.

मामांच्या हातातल्या हेडफोनमधून सुधीरचा आवाज आला. "अंकल, मस्त. पण एनर्जी दोन. अजून एक टेक, जरा जोरात, खुशीत?"

"एकदाच व्हती," मामांनी हेडफोन स्टँडवर अडकवले. "झाली."

सुधीरनं ते तीनदा वाजवून ऐकलं. पुढचं माझं 'मामा, नका' त्याला कापावं लागलं. तो गोंधळून म्हणाला, हे चिअर करतायत असं वाटत नाही, काहीतरी देतायत असं वाटतं. वेळ नव्हता म्हणून त्यानं तेच पाठवलं. आधीच सांगून टाकते, ते मंजूर झालं. वरच्या साहेबांना ते फार सोज्वळ वाटलं म्हणे. रोशनी कायम झाली. आता कुणाचंही पोर त्या अॅपवर धडा संपवतं तेव्हा माझ्या सासऱ्यांचा आवाज त्याला शाब्बास म्हणतो, आणि ती शाब्बासकी त्या पोरासाठी म्हटलेली नाही हे आम्हा चौघापाचांनाच माहीत आहे.

पण त्या दुपारी यातलं काहीच कळलेलं नव्हतं. रोशनी ऑफिसात थांबली आणि मी मामांना घेऊन घरी निघाले. चादरघाटाच्या पुलाजवळ ऑटो अडकला. पुढं बस, मागं बस, दोन्ही बाजूंना स्कूटर. मला आता धरवेना.

"मामा, मी तुमच्या घरची नाही का?"

ते दचकले. "हायेस की. आसं कामून म्हनतीस?"

"मग रोशनीला नको म्हणालात आणि मला बोलावलंत."

 त्यांनी बसचा हॉर्न संपायची वाट बघितली.

"ती चीज तुमच्याकडून आल्याली," ते म्हणाले. "तुझ्या बापानं माझ्या पाठीवर मारली, त्येच्या आधी बी आमच्या घरात लई पडून व्हती. मला वाटलं, तुझ्या हातात देऊन टाकावी. एकदा दिली की संपलं. म्हनून बोलावलं तुला." ते माझ्याकडे वळले. "पन समोर उभी ऱ्हायलीस अन् मला वाटलं, हिनं बी आपल्यासाठी लई केलंय. लई म्हंजी लई. कुनी एक शबुद नाही बोललं हिला. मग तोंडातून जे गेलं, ते परत दिलं का तुला दिलं, मला नाही सांगता यायचं, माधवी. खरंच नाही."

माझ्याशी ते सलग इतकं कधीच बोलले नव्हते. मला रडू फुटलं. ऑटोवाल्यानं आरशातून बघितलं आणि विचारलं, "क्या हुआ अम्मा?" मी हातानंच काही नाही म्हणून सांगितलं.

"जड हाय ना?" मामांनी विचारलं.

"हो."

"मला बी लई जड व्हायची," ते म्हणाले, आणि मला नीट बसता यावं म्हणून सीटवर कडेला सरकले.